जिम्मा घेणारा

उजवा तळवा शर्टाच्या खिशावर, मान थोडी वाकडी, आणि मग दोनच शब्द : "जिम्मा मना." म्हणजे जबाबदारी माझी. एरवी तो आमच्याशी कॉलेजातलं साफसूफ मराठी बोलायचा, पण जिम्मा घ्यायची वेळ आली की अहिराणीवर यायचा. आईच्या भाषेत दिलेला शब्द लोकांना जास्त पटतो, हे त्याला लवकर कळलं होतं.

असा माणूस तुमच्याही गावात असणार. लग्नात वाढप्यांवर ओरडतो, मयतीत सरपणाची सोय लावतो, एसटी बंद पडली की ड्रायव्हरच्या आधी खाली उतरतो. त्याला कोणी नेमलेलं नसतं. आमच्या या माणसाला सगळे 'लीडर' म्हणत. त्याचं खरं नाव मला पाठ आहे, त्याच्या पासपोर्टच्या अर्जात ते मीच टाईप केलं. इथे मात्र लिहीत नाही.

माझं दुकान धुळ्यात, सरकारी कचेऱ्यांच्या रस्त्याला. झेरॉक्स, फोटो आणि सगळ्या प्रकारचे ऑनलाइन अर्ज. माणूस जन्माला आला तरी माझ्याकडे येतो आणि मेला तरी त्याचे लोक येतात, दाखला दोन्हीचा लागतो. लीडर पहिल्यांदा आला तो कॉलेजच्या श्रमदान शिबिराची यादी टाईप करायला. अमळनेर रस्त्यावरच्या एका गावातला पोरगा, अंगाने किडकिडीत, आवाज मात्र लाऊडस्पीकरला लाजवणारा. यादीत साठ नावं होती आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरात, याचं.

त्याच्या गावच्या युवक मंडळाने एकदा कबड्डीचे सामने भरवले, ऐन ऑगस्टात. कोणी तरी शहाण्याने विचारलं, पाऊस आला तर? याने तळवा खिशावर ठेवला आणि पावसाचाही जिम्मा घेतला. पाऊस आलाच. मग तीस पोरांनी मैदानावर ताडपत्री धरली, दोन तास हात वर करून, आणि लीडर माईकवरून त्यांचं कौतुक करत राहिला. मी तिथे होतो. पोरांचे हात थरथरत होते, पण एकानेही ताडपत्री सोडली नाही. एवढी त्याची जादू होती. आणि खरं सांगायचं तर एवढीच त्याची खोडही होती. जिम्मा तो घ्यायचा, हात दुसऱ्यांचे दुखायचे. मी त्याला हे तोंडावर म्हणालोही होतो. तो हसला आणि म्हणाला, "नाना, पुढे कोणी तरी उभं राहावं लागतं ना?"

मग परदेशाचं निघालं. शेतीचं शिक्षण घेतलेल्या पोरांना अकरा महिने एका थंड देशात काचेच्या घरांतल्या शेतीत काम करायचं, शिकायचं, परत यायचं. देशाचं नाव घेत नाही, तिथल्या माणसांनी माझं काही वाकडं केलेलं नाही. आपल्याकडून सहा पोरं निवडली गेली, वेगवेगळ्या गावांची. फक्त लीडर आणि भूषण एका गावचे. सहांचा गटप्रमुख कोण होणार हे विचारायचीही गरज नव्हती.

भूषण त्याच्या सावलीतला पोरगा. मंडळाच्या सामन्यात ताडपत्री धरणाऱ्या तिसातला एक. एकुलता मुलगा, पाठीवर दोन बहिणी. अर्ज भरायला आला तेव्हा आई-बाप दोघं सोबत. बापाला गाव आबा म्हणे, आईला अक्का. मी एकेक रकाना वाचत होतो. कोणतं ऑपरेशन? नाही. दमा? नाही. कधी फिट आली होती का?

आबा रस्त्यावरच्या रिक्षा बघायला लागले. अक्काने पदर तोंडाशी धरला आणि हळूच म्हणाली, "आते बरा शे तो. तीन वरीस व्हयनात, कधी काही व्हयनं नही. गोळी चालू शे."

मी कीबोर्डवरून हात उचलला. आमच्या भागात फिट हा आजार एका माणसाचा नसतो, घराण्याचा होतो. कळलं की पोराची निवड जाते ती जातेच, बहिणींना स्थळ येणंही बंद होतं. सगळं घर तो शब्द गिळून बसलेलं असतं. हे मला ठाऊक होतं, तुम्हालाही ठाऊक आहे.

"नाही लिहा, नाना," लीडर म्हणाला. तळवा खिशावर गेला. "जिम्मा मना."

मी 'नाही' लिहिलं. बोट माझंच होतं.

जाण्याआधी अक्काने सहा महिन्यांच्या गोळ्या जुन्या सदऱ्यात गुंडाळून बॅगेत बांधल्या. पुढच्या कोणाच्या तरी हाती पाठवू, असं ठरलं. कोणाच्या, ते कोणी विचारलं नाही.

तिकडून लीडरचे आवाजी निरोप मला यायचे. मी त्याचं ऑफिसच होतो म्हणा ना. पहिले दोन महिने नुसती बढाई. मग सूर बदलत गेला. "नाना, इथे सकाळी काम सुरू व्हायच्या आधी सगळे गोल उभे राहतात. आमची मुकादम एक बाई आहे. ती एकेकाला विचारते, आज तुझं बरं आहे ना? आणि लोक खरं सांगतात, नाना! एक जण म्हणाला, काल बायकोशी भांडलो, हात चालत नाही. तिने त्याला हलकं काम दिलं." मी उलट निरोप पाठवला, की आपल्याकडे असं विचारलं तर निम्मी कचेरी दहा वाजताच घरी जाईल. तो खूप हसला.

पुढे त्याने भांडी घासायला शिकल्याचं सांगितलं, भाकरी जमत नाही म्हणून रडगाणं गायलं. झाडू हातात घेतलेला फोटो पाठवला. त्याच्या आईने तो माझ्या दुकानात येऊन मोठा करून घेतला, घरी कोणाला पटत नव्हतं म्हणून. आणि एकदा तो म्हणाला, "नाना, मी आता पुढे उभा राहत नाही. मागे उभं राहिलं की सगळे दिसतात." हे ऐकून मला बरं वाटलं होतं. पोरगा मोठा होतोय, असं मी बायकोला म्हणालोही.

सातव्या महिन्यात भूषण गेला. शिडीवरून पडला, डोकं लोखंडी रुळावर आपटलं, एवढाच निरोप आला. लीडर पेटीसोबत परत आला. बाकीची चार पोरं तिकडेच राहिली.

गावात पेटी उतरवली तेव्हा मी तिथे होतो. आबांनी पेटीला हात लावायच्या आधी लीडरचा दंड धरला. "गोळ्या टाइमवर लेत व्हता ना रे तो?"

"हो, आबा," लीडर म्हणाला.

आठवड्याने तो माझ्या दुकानात आला. भर दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. स्टुलावर बसला आणि सांगायला लागला, कारण सांगण्यासारखा मीच होतो, अर्ज माझ्यासमोर भरला गेला होता. सहा महिने होताच गोळ्या संपल्या. भूषणने त्याला विचारलं, लीडर, इथल्या डॉक्टरकडे जाऊ का? आणि हा म्हणाला, थांब. लपवल्याचं कळलं तर सहाही जणांना परत धाडतील. पुढच्या महिन्यात आपल्याकडचा एक जण येतोय, त्याच्या हाती मागवतो. तोवर तू शिडीवर चढू नको, जिम्मा माझा.

तसे सतरा दिवस गेले. सतरा सकाळी ती बाई गोलात भूषणला विचारत होती, आज तुझं बरं आहे ना? भूषण दरवेळी आधी लीडरकडे बघायचा आणि मग हो म्हणायचा. अठराव्या दिवशी शिडीवरचा गडी आला नव्हता. भूषण आपणहून चढला.

चौकशी झाली तेव्हा बोट त्या मुकादम बाईकडे वळत होतं, शिडी नीट बांधली नव्हती म्हणून. बंद खोलीत जबानी द्यायला लीडर एकटाच होता, गप्प बसला असता तर निभावलं असतं. तो म्हणाला, शिडीचा दोष नाही, त्याला फिटचा आजार होता, गोळ्या संपल्या होत्या आणि मला माहीत होतं. बाई वाचली. कोणालाही परत धाडलं नाही. बाईने फक्त एवढंच विचारलं, "मला का सांगितलं नाही? गोळ्या तर आम्हीच दिल्या असत्या."

हे सांगताना तो रडला नाही. माझ्या टेबलावरचा स्टेपलर उघडत होता, बंद करत होता. "तिथे खरं बोललो, नाना. इथे आबांसमोर तोंडातून हो निघून गेलं. आता काय करू?"

आणि मी, वयाने मोठा, जगाचे अर्ज भरणारा, मी त्याला काय सांगितलं? म्हणालो, "आता सांगून पोर परत येणार आहे का? झालं ते झालं. त्यांना तेवढा तरी दिलासा राहू दे." मला त्यांच्या दिलाशाची काळजी होती हे पुरतं खरं नाही. 'नाही' लिहिणारा हात उजेडात येऊ नये, असंही वाटत होतं. हे आज लिहितोय, तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

त्याने माझं ऐकलं. परत परदेशी गेला नाही. दीड वर्ष आबांच्या घरचा मुलगा होऊन राहिला. कापसाची फवारणी, बैलांचा चारा, अक्काला दवाखान्यात नेणं, सगळं. आबांसमोर भूषणचं नाव काढायची सोय नव्हती, त्यांना सहन होत नसे. आणि अक्काने कधी हळूच तिकडचा विषय काढला, की हा बैलांना पाणी दाखवायला उठायचा. गाव म्हणे, लीडर असावा तर असा. मंडळाने त्याचा फोटो असलेलं मोठं फ्लेक्स लावलं. ते लावलं त्या दिवशी तो माझ्या दुकानात येऊन बसला, चहा घेतला नाही, उठून गेला.

आमच्याकडे श्रावणात घरात कानबाई देवी बसते. रोटांसाठी, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, गहू घेतात ते घरातल्या पुरुषांच्या नावाने, एकेकाच्या नावाने सव्वा मूठ. ते रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला घासही द्यायचा नाही. आबांच्या घरी पहिल्या वर्षी दुखवटा म्हणून कानबाई बसली नाही. दुसऱ्या वर्षी बसवायचं ठरलं. आदल्या दिवशी अक्का सुपात गहू घेत होती, चुलत्यांची नावं झाली, आबांचं झालं. मग लीडर अंगणात आला तेव्हा ती म्हणाली, "तुना नावनी बी सव्वा मूठ लिधी यंदा. भाऊबंदले इचारी लिधं मी."

तुम्ही खानदेशातले नसाल तर याचं वजन कळणार नाही. तो त्यांच्या भाऊकीतला नव्हता, आडनाव वेगळं, कुळ वेगळं. देवीच्या गव्हात परक्याचं नाव कोणी घालत नाही. अक्काने भाऊबंदांसमोर पदर पसरून ते घातलं होतं.

तो सुपासमोर खाली बसला आणि सगळं सांगितलं. गोळ्या, सतरा दिवस, आणि पेटीसमोर बोललेला तो हो. अर्जाचंही सांगितलं. म्हणाला, "नाही लिहायला लावलं ते मी." माझं नाव त्याने घेतलं नाही.

आबा खाटेवर होते. उठून दारापर्यंत आले. "आते ह्या दारशी येवू नको," एवढंच म्हणाले. सुपातले गहू अक्काने पोत्यात परत ओतले, सगळ्यांच्या नावाचे. त्या वर्षीही कानबाई बसली नाही.

आबांचं दार बंद झालेलं गावाने पाहिलं, कारण कोणाला कळलं नाही. मग गावाने आपल्या कुवतीप्रमाणे कारण शोधलं. तिकडे हा दारू पिऊन पडला होता म्हणून पोरगं मेलं, असं ठरलं. कालपर्यंत त्याच्यासाठी ताडपत्री धरणाऱ्या पोरांनी फ्लेक्सवरचं त्याचं तोंड ब्लेडने कापलं आणि उरलेलं फ्लेक्स कोणी तरी बकऱ्यांच्या गोठ्यावर टाकलं. तो एक शब्द बोलला असता तर निम्मं गाव गप्प झालं असतं. पण तो शब्द 'फिट' हा होता, आणि आबांच्या दोन्ही मुली लग्नाच्या होत्या. तो बोलला नाही. जन्मभर माईकवर बोललेला माणूस ऐन गरजेला मुका राहिला. महिन्याभरात त्याने गाव सोडलं.

पुढे कळलं की तो सावद्याला आहे, केळीच्या पॅकिंगवर मुकादम म्हणून. एका कामासाठी तिकडे गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून भेटलो. पत्र्याच्या शेडमध्ये बायका केळीच्या फण्या धुऊन खोक्यात भरत होत्या. हा सगळ्यांच्या मागे उभा. काम सुरू व्हायच्या आधी त्याने एकेकीला विचारलं, आज काय दुखतंय का? एक म्हणाली, कंबर. त्याने तिला बसून करायचं काम दिलं आणि तिच्या जागी स्वतः घड उचलायला लागला. आवाज इतका खाली गेला होता, की मला पुढे होऊन ऐकावं लागलं.

"गावात एकदा खरं सांगून टाक," मी म्हणालो. "किती दिवस शिव्या खाणार?"

"धाकटीचं व्हायचंय अजून, नाना," तो म्हणाला.

"आणि माझं नाव का नाही घेतलं?"

तो खोक्याला चिकटपट्टी लावत होता. "तुम्ही हात थांबवला होता. मी लिहायला लावलं." एवढं बोलून त्याने दुसरं खोकं ओढलं. मला निघावंसं वाटलं आणि मी निघालो.

धाकटीचं लग्न झालं, त्यानंतरच्या हिवाळ्यात अक्का माझ्या दुकानात आली. एकटी. बाकावर बसली, पाणी प्यायली. "नाना, त्याना पत्ता शे का तुमनाजोडे? आबाले सांगेल नही. जळगावले मोठी पोरकडे जास म्हणीसन निघनू."

त्याचा जुना नंबर बंद लागत होता. मी शटर ओढलं आणि तिच्यासोबत निघालो.

जळगावला आम्ही बस बदलली. मग तापीचा पूल ओलांडल्यावर अक्का बोलायला लागली. तिला त्याच्याकडून माफी नको होती, त्याला द्यायचीही नव्हती. "मना पोऱ्या सात महिना कसा ऱ्हायना, ते माले कोनी सांगेलच नही. वेळवर जेवे का? थंडीमा आंगवर काय ले? घरनी याद काढे का? राग राग मा आम्ही त्याले काढी दिधं. त्यानाबिगर कोनले माहीत शे?"

मला राहवलं नाही. म्हणालो, "अक्का, अर्जावर 'नाही' लिहिलं ते मी. बोट माझं होतं."

तिने खिडकीबाहेर बघत उत्तर दिलं. "माले माहीत शे. आम्ही बठ्ठाच व्हतूत ना तठे." खरंच, सगळेच होतो तिथे.

शेडवर पोहोचलो तेव्हा धुलाई चालू होती. मागे दुसराच कोणी मुकादम उभा होता. कंबर दुखणारी ती बाई मला ओळखीची वाटली, तिला विचारलं. ती म्हणाली, गेले ते, महिना झाला. परदेशातल्या कोणा मुकादम बाईने बोलावून घेतलं, जुन्याच कामावर. धाकट्या बहिणीचं लग्न झालं, आता मोकळा आहे, असं सांगून गेले. नंबर? स्थिर झालो की कळवतो म्हणाले होते, अजून काही आलं नाही. ती धाकटी सख्खीच बहीण का त्यांची?

अक्काने नाही म्हटलं नाही. ती ओल्या फरशीवर, खोक्यांच्या थप्पीला टेकून बसली. मला वाटलं, आता रडेल. तिने त्या बाईला जवळ बसवून घेतलं आणि विचारलं, "तो वेळवर जेवे का?"

बाई म्हणाली, जेवायचे, पण सगळ्यांचे डबे उघडल्यावर.

"थंडीमा आंगवर काय ले?"

एक जाड जाकीट होतं, बाई म्हणाली, परदेशातलं. थंडी वाढली की आमच्यातल्या कोणाला तरी द्यायचे आणि स्वतः पोतं पांघरून बसायचे.

"घरनी याद काढे का?"

बाईला जेवढं आठवत होतं तेवढं ती सांगू लागली. अक्का एकेक शब्दाला मान हलवत होती. आमची परतीची बस रस्त्यावरून निघून गेली. मी तिला उठवलं नाही.